स्तनांचा कर्करोग : न दुखणाऱ्या गाठीची वेळीच दखल

दुखू लागले की माणूस डॉक्टरांकडे जातो. दुखत नसेल तर थांबतो. शरीराच्या बहुतेक किरकोळ तक्रारींच्या बाबतीत हा व्यवहार चालून जातो. स्तनांच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र तो घातक ठरतो. या रोगाची सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. ताप येत नाही, भूक मंदावत नाही, वजन घटत नाही आणि रोजच्या कामात कोणताही अडथळा येत नाही. आंघोळ करताना हाताला सहज लागलेली गाठ 'दुखत तर नाही' असे म्हणून सोडून दिली जाते. ती दुखू लागते तेव्हा आजार अनेकदा पुढच्या टप्प्यावर पोहोचलेला असतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनांचा कर्करोग झाला आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतात त्याच वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. म्हणजे जगात दर शंभर नव्या रुग्णांमागे सुमारे २९ मृत्यू, तर भारतात ५१. या तफावतीचे मोठे कारण म्हणजे आपल्याकडे रोगाचे निदान उशिरा होते आणि निदानानंतरही पूर्ण उपचार सर्वांपर्यंत पोहोचत नाहीत.

निदानाच्या वेळेचे महत्त्व देशातल्याच आकडेवारीवरून स्पष्ट होते. देशातील ११ कर्करोग नोंदणी केंद्रांमधील, २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या रुग्णांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. त्यानुसार रोग स्तनापुरताच मर्यादित असताना निदान झालेल्या स्त्रियांपैकी ८१ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. रोग लगतच्या भागात व काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचल्यावर हे प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांवर आले आणि तो शरीरात दूरवर पसरल्यावर अवघ्या १८ टक्क्यांवर.

रोग कसा सुरू होतो?

स्तनात दूध तयार करणाऱ्या लहान लहान ग्रंथींचे गुच्छ असतात आणि ते दूध स्तनाग्रापर्यंत आणणाऱ्या बारीक नलिका असतात. यांच्याभोवती चरबी आणि तंतुमय ऊती असतात. बहुसंख्य कर्करोग या दुग्धनलिकांच्या आतील अस्तरात सुरू होतात, काही ग्रंथींमध्ये. पेशींची वाढ आणि मृत्यू यांचे नियंत्रण करणाऱ्या जनुकांत बिघाड झाला की पेशी बेसुमार वाढू लागतात. काही काळ त्या नलिकेच्या भिंतीच्या आतच राहतात. ही अगदी प्राथमिक अवस्था होय. या वेळी हाताला बहुधा काहीच लागत नाही. मॅमोग्राफीत मात्र चुन्याच्या बारीक कणांसारखे ठिपके दिसू शकतात.

पुढे या पेशी नलिकेची भिंत भेदून बाहेर येतात आणि गाठ तयार होते. तेथून लसिकावाहिन्यांवाटे त्या प्रथम काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचतात. रक्तावाटे त्या हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू येथे जाऊन तेथे वाढू लागल्या, तर रोग चौथ्या टप्प्यात गेला असे मानले जाते. या टप्प्यावर उपचारांनी आयुष्य वाढवता येते, त्रास कमी करता येतो. परंतु रोग समूळ नष्ट होणे दुर्मीळ असते. लवकर निदानाचा सारा आग्रह रोग त्या टप्प्यावर जाण्याआधी गाठता यावा यासाठी आहे.

धोका कोणाला?

स्त्री असणे आणि वय वाढणे हे या रोगाचे दोन सर्वांत मोठे धोके आहेत. एकेकाळी भारतीय स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक होते. आता ती जागा स्तनांच्या कर्करोगाने घेतली आहे आणि शहरांमध्ये त्याचे प्रमाण खेड्यांपेक्षा लक्षणीय अधिक आहे. महाराष्ट्रात ही तुलना करणे शक्य आहे, कारण देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत सुरू केली, तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागाची नोंदणी होत आहे. बार्शी परिसरापेक्षा मुंबईत या रोगाचे प्रमाण पुष्कळ अधिक असल्याचे या नोंदी दाखवतात.

या फरकामागे बदललेले जीवनमान आहे. पाळी लवकर सुरू होणे, ती उशिरा जाणे, पहिले मूल तिशीनंतर होणे किंवा मूल न होणे, स्तनपानाचा काळ कमी असणे या सर्व गोष्टींमुळे स्तनांतील पेशींवर स्त्री-संप्रेरकांचा प्रभाव अधिक काळ राहतो. रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, मद्यपान आणि रजोनिवृत्तीनंतर दीर्घकाळ घेतलेली संप्रेरकांची औषधे यांनीही धोका वाढतो. ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसून आले, की स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे या रोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो.

याचा अर्थ उशिरा मूल झालेल्या किंवा मूल नसलेल्या स्त्रीने स्वतःला दोष द्यावा असा नव्हे. यातील प्रत्येक गोष्टीचा परिणाम थोडाथोडा असतो आणि यांपैकी काहीही लागू नसलेल्या अनेक स्त्रियांनाही हा रोग होतो.

आनुवंशिकतेविषयी मोठा गैरसमज आहे. 'आमच्या घरात कोणाला नाही, म्हणजे मला होणार नाही' हा तो गैरसमज. प्रत्यक्षात सदोष जनुकाचा वारसा हे कारण असलेले रुग्ण सुमारे ५ ते १० टक्केच असतात. १९९४ आणि १९९५ साली शोध लागलेल्या 'बीआरसीए-१' आणि 'बीआरसीए-२' या जनुकांत जन्मतः दोष असेल, तर वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते; अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी एकीहून अधिक जणींना हा रोग झाला असेल, तो पन्नाशीच्या आत झाला असेल किंवा घरातील एखाद्या पुरुषाला झाला असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घेऊन जनुकीय तपासणीचा विचार करावा. सदोष जनुक वडिलांकडूनही येऊ शकते, त्यामुळे वडिलांच्या बाजूचा इतिहासही डॉक्टरांना सांगावा.

पुरुषांनाही हा रोग होतो. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण अर्धा ते एक टक्का असते. छातीवरील गाठीकडे पुरुषांचे लक्ष जात नसल्याने त्यांचे निदानही उशिरा होते.

भारतीय स्त्रियांना हा रोग पाश्चात्य स्त्रियांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी होतो, असे नेहमी म्हटले जाते. रुग्णालयांत चाळिशी-पन्नाशीतील रुग्ण अधिक दिसतात हे खरे; परंतु त्याचे एक मोठे कारण म्हणजे देशाची लोकसंख्याच तरुण आहे. तरुण स्त्रियांची संख्या अधिक, म्हणून रुग्णांतही त्यांचा वाटा अधिक. तरीही व्यवहारात निष्कर्ष एकच निघतो. तिशी-चाळिशीतील स्त्रीच्या स्तनातील गाठ 'या वयात कसला कर्करोग' असे म्हणून सोडून देता येत नाही.

लक्षणे कोणती?

स्तनात किंवा काखेत गाठ लागणे हे सर्वांत नेहमीचे लक्षण. याखेरीज पुढील बदलांकडे लक्ष द्यावे : एका स्तनाचा आकार किंवा ठेवण नव्याने बदलणे, त्वचेवर खळी पडणे किंवा ती आत ओढली जाणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी जाड व छिद्रयुक्त दिसणे, स्तनाग्र नव्याने आत वळणे, स्तनाग्रातून आपोआप, विशेषतः रक्तमिश्रित, स्राव येणे, स्तनाग्रावर किंवा त्याभोवती खपली, खाज वा बरी न होणारी जखम, स्तन लाल होणे, सुजणे किंवा त्यावर व्रण पडणे.

स्तनांतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये हाताखाली सरकणाऱ्या, रबरासारख्या गाठी आढळतात. त्या सहसा निरुपद्रवी असतात. पाण्याच्या गाठी असतात. पाळीच्या आधी स्तन जड होऊन दुखतात, ते संप्रेरकांमुळे. परंतु गाठ कोणत्या प्रकारची आहे हे घरी बसून, शेजारणीला विचारून किंवा तिच्या दुखण्या न दुखण्यावरून ठरत नाही. ते तपासणीनेच ठरते.

अंगावर पाजणाऱ्या मातांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. त्यांच्या स्तनांत दूध साकळून गाठ होणे नेहमीचे आहे आणि म्हणूनच खरी गाठही 'दूध साकळले असेल' या समजुतीखाली दडून राहते. उपचारांनंतरही गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर सोनोग्राफी करून घ्यावी. स्तनपान चालू असतानाही सोनोग्राफी आणि सुईची तपासणी निर्धास्तपणे करता येते.

उशीर कशामुळे?

उशिराचे कारण अनेकदा अज्ञान असते. पण सुशिक्षित घरांतही उशीर होतो. घरातील बाईचे दुखणे हे घरातील शेवटचे दुखणे असते. मुलांच्या परीक्षा होऊ देत, गणपती-दिवाळी पार पडू दे, नणंदेचे लग्न होऊन जाऊ दे, सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आटपू दे, मग बघू, असे म्हणत आजार अंगावर काढला जातो. त्यात अवयवच असा, की त्याविषयी चारचौघांत बोलण्याचा संकोच. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर तो संकोच वाढतो. नवऱ्यालाही महिनोन्महिने सांगितले जात नाही.

संकोचाच्या जोडीला भीती असते. 'कर्करोग निघाला तर?' या भीतीने तपासणीच टाळली जाते. स्तन काढून टाकतील, केस गळतील, मुलीचे लग्न जमणार नाही, घरावर कर्ज होईल, या चिंता खऱ्या असतात. परंतु ज्या गोष्टींची भीती वाटते, त्या उशीर केल्याने टळत नाहीत. उलट त्यांची शक्यता वाढते. लहान गाठीसाठी स्तन वाचवता येतो, मोठ्या गाठीसाठी अनेकदा वाचवता येत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातील उपचार कमी काळाचे आणि कमी खर्चाचे असतात.

काही गैरसमजही वेळ खातात. सुई घालून तपासणी केली किंवा गाठीला 'हात लावला' की कर्करोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. मार लागल्याने, घट्ट किंवा काळ्या रंगाची अंतर्वस्त्रे वापरल्याने हा रोग होत नाही. तो संसर्गजन्य नाही. एकत्र जेवल्याने, कपडे वापरल्याने किंवा रुग्ण मातेने मुलाला जवळ घेतल्याने तो होत नाही. लेप, काढे किंवा मंत्रतंत्र यांनी गाठ विरघळेल, या आशेवर गेलेले सहा महिने पुन्हा मिळत नाहीत.

मुंबईतील वीस वर्षांचा अभ्यास

लवकर निदानासाठी पाश्चात्य देशांत मॅमोग्राफीचा मार्ग स्वीकारला गेला. भारतासारख्या देशात कोट्यवधी स्त्रियांची मॅमोग्राफी करण्याइतकी यंत्रे नाहीत आणि क्ष-किरणतज्ज्ञही नाहीत. मग प्रशिक्षित व्यक्तीने केवळ हाताने केलेल्या तपासणीचा उपयोग होईल का, असा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी हाती घेतला. १९९८ साली सुरू झालेल्या या अभ्यासात मुंबईतील अल्प उत्पन्न गटाच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा समावेश होता. वस्त्यांचे वीस गट पाडून त्यांपैकी दहा गटांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी अशी चार वेळा तपासणी करण्यात आली. उरलेल्या दहा गटांतील स्त्रियांना रोगाची माहिती देण्यात आली आणि त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले.

तपासणी करणाऱ्या व्यक्ती डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन हे काम सोपवण्यात आले होते. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या व चौथ्या टप्प्यावर निदान होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी दिसले. मात्र सर्व वयोगट एकत्र धरता ही घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. पन्नाशी आणि त्यापुढील स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये तशी लक्षणीय घट आढळली नाही.

या निष्कर्षांचा बोध दुहेरी आहे. महागडे यंत्र नसतानाही, वस्तीतीलच शिकलेली एखादी ताई योग्य प्रशिक्षणानंतर रोग लवकरच्या टप्प्यावर हेरू शकते. त्याचबरोबर, कोणतीही एक तपासणी सर्व वयांत सारखीच उपयोगी पडते असे नाही. म्हणून तपासणी 'नॉर्मल' आली तरी नंतर जाणवलेल्या बदलाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

स्वतःची ओळख

दर महिन्याला स्वतःच्या स्तनांची ठरावीक पद्धतीने तपासणी करावी, हा सल्ला अनेक वर्षे दिला जात होता. चीनमधील शांघाय येथे कापड गिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. स्वतःची तपासणी शिकवलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. निरुपद्रवी गाठींच्या तपासण्या मात्र वाढल्या. त्यामुळे अनेक तज्ज्ञ आता ठरावीक तंत्रापेक्षा स्वतःच्या शरीराची जाण असण्यावर भर देतात. आपल्या स्तनांची नेहमीची ठेवण कशी आहे हे ठाऊक असले, तर झालेला बदल चटकन लक्षात येतो. मॅमोग्राफी सर्रास होत नाही अशा देशात बहुतेक गाठी प्रथम त्या स्त्रीलाच जाणवतात, हेही विसरता येत नाही.

ही ओळख करून घेण्यासाठी फार वेळ लागत नाही. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी स्तन मऊ असतात, ती वेळ योग्य. पाळी गेलेल्या स्त्रियांनी महिन्याची एखादी तारीख ठरवावी. आधी आरशासमोर हात खाली सोडून, मग डोक्यावर घेऊन आणि नंतर कमरेवर दाबून दोन्ही स्तनांत फरक दिसतो का ते पाहावे. मग मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने, आधी हलका आणि नंतर थोडा अधिक दाब देत, संपूर्ण स्तन आणि काख चाचपावी. चिमटीत धरून पाहू नये. तसे केल्यास साध्या ऊतीही गाठीसारख्या लागतात. दोन्ही स्तन थोडेफार लहानमोठे असणे स्वाभाविक आहे. नव्याने झालेला आणि पुढच्या पाळीनंतरही टिकून राहिलेला बदल महत्त्वाचा. स्पष्ट, कडक गाठ लागली तर मात्र पुढच्या पाळीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

मॅमोग्राफी : उपयोग आणि मर्यादा

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचे कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी घेतलेले छायाचित्र. यात स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबला जातो. थोडे दुखते, परंतु इजा होत नाही. हाताला लागण्याआधीच्या गाठी यात दिसू शकतात. ब्रिटनमध्ये ५० वर्षांपासून सत्तरीपर्यंतच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी यासाठी बोलावले जाते, तर अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०२४ साली ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची शिफारस केली. भारतात सर्व स्त्रियांसाठी मॅमोग्राफीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. शक्य असलेल्या स्त्रियांनी चाळिशीनंतर आपल्या डॉक्टरांशी बोलून, धोका लक्षात घेऊन निर्णय करावा.

तरुण स्त्रियांचे स्तन घट्ट ऊतींचे असतात. अशा स्तनांत मॅमोग्राफीवर सारेच पांढरे दिसते आणि गाठ लपू शकते. त्यांच्यासाठी सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. सदोष जनुक असलेल्या स्त्रियांना एमआरआयचाही सल्ला दिला जातो. मॅमोग्राफीत काही वेळा नसलेल्या रोगाची शंका येते आणि पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. काही वेळा आयुष्यभर त्रास न देणारा रोगही सापडतो आणि त्यावर उपचार होतात. या मर्यादा ठाऊक असणे हा स्त्रियांचा हक्क आहे. मात्र गाठ जाणवत असताना मॅमोग्राफी स्वच्छ आली, एवढ्यावर समाधान मानू नये.

गाठ आढळल्यावर

निदानाची वाट तीन पायऱ्यांची आहे : डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी. या तीनही गोष्टींचा मेळ बसला की निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो. सुईची बायोप्सी भूल देऊन, बाह्यरुग्ण विभागातही होते. तिच्यामुळे आधी निदान पक्के करून मग शस्त्रक्रिया ठरवता येते. 'आधी गाठ काढून टाकू, मग तपासू' अशी घाई केल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता असते.

त्याच तुकड्यावर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि 'हर-२' या तीन ग्राहकांची तपासणी केली जाते. उपचारांची दिशा त्यावरून ठरते. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पाच ते दहा वर्षे घेतल्याने रोग परतण्याचा धोका कमी होतो. 'हर-२' असल्यास ट्रॅस्टुझुमॅब हे औषध परिणामकारक ठरते. तीनही ग्राहक नसलेला प्रकार अधिक आक्रमक असतो. भारतीय रुग्णांमध्ये त्याचे प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा अधिक आढळते.

शस्त्रक्रियेचे रूपही शंभर वर्षांत पालटले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सारे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ती अनेक दशके प्रमाण मानली गेली. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबर्टो व्हेरोनेसी यांनी केवळ गाठ व भोवतीचा भाग काढून किरणोपचार देण्याची पद्धत पडताळून पाहिली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या दोन्ही अभ्यासांच्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनी दाखवून दिले, की स्तन वाचवलेल्या स्त्रियाही तितकीच वर्षे जगतात. परंतु या पर्यायाचा लाभ प्रामुख्याने गाठ लहान असतानाच मिळतो. संपूर्ण स्तन काढावा लागला तरी पुनर्रचनेची शस्त्रक्रिया आणि कृत्रिम स्तन हे पर्याय आहेत.

आरोग्य व्यवस्था काय देते?

केंद्र सरकारच्या कार्यक्रमानुसार ३० वर्षांपुढील स्त्रियांची स्तन, गर्भाशयमुख व तोंड यांच्या कर्करोगासाठी सार्वजनिक आरोग्य केंद्रांत तपासणी करण्याची तरतूद आहे. स्तनांची हाताने होणारी तपासणी दर पाच वर्षांनी एकदा अपेक्षित आहे. योजना कागदावर असणे आणि ती स्त्रियांपर्यंत पोहोचणे यांतील अंतर मात्र मोठे आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी अवघ्या ०.९ टक्के स्त्रियांनी स्तनांच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झाल्याचे सांगितले. शंभरात एकही नाही, असा याचा अर्थ.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुरू केलेल्या उपक्रमात प्रत्येक देशासमोर तीन उद्दिष्टे ठेवली आहेत : किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या वा दुसऱ्या टप्प्यावर व्हावे, रुग्ण प्रथम डॉक्टरांकडे आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, आणि किमान ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत. यातील दुसरे उद्दिष्ट डॉक्टरांनाही लागू आहे. 'काही नाही, गोळ्या घ्या' असे सांगून परत पाठवलेली स्त्री पुन्हा येईलच, याची खात्री नसते.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांतून नोंदणीकृत रुग्णालयांत शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांसाठी साहाय्य मिळते. प्रत्येक रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे याची चौकशी करता येते. खर्चाच्या भीतीने तपासणी पुढे ढकलण्याआधी ही चौकशी अवश्य करावी.

घराने काय करावे?

हा रोग एका स्त्रीला होतो. पण तिचे निदान वेळेवर होणे हे बरेचसे घरावर अवलंबून असते. पत्नीने गाठीविषयी सांगितले तर 'होईल बरी' असे न म्हणता तिच्यासोबत डॉक्टरांकडे जाणे, हे पतीचे काम. आईची, सासूची चौकशी करणे हे मुलामुलींचे आणि सुनेचे काम. साठीपुढील स्त्रिया स्वतःहून सांगत नाहीत, त्यांना विचारावे लागते. निदान झाल्यावर उपचारांचा काळ अनेक महिन्यांचा असतो. स्वयंपाक, मुलांची शाळा, नोकरीतील रजा यांची वाटणी आधीच झाली, तर उपचार मध्येच सोडण्याची वेळ येत नाही. उपचार अर्धवट सोडणे हे उशिरा निदानाइतकेच धोक्याचे आहे.

दरवर्षी ऑक्टोबर महिना या रोगाच्या जागृतीसाठी पाळला जातो. गुलाबी फिती लागतात, इमारतींवर रोषणाई होते. त्यातून विषय बोलण्यात आला तर ते चांगलेच. पण गाठ महिना पाहून येत नाही. ती ज्या दिवशी हाताला लागेल, त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेणे, हेच या रोगाविरुद्ध प्रत्येक स्त्रीच्या हातातले पहिले पाऊल आहे. बहुतेक वेळा डॉक्टर 'काळजीचे कारण नाही' असेच सांगतील. आणि कारण निघालेच, तर ते वेळेत निघालेले असेल.